जायचंय, असं लिहून द्या

सांगलीत, सासरच्या सोप्यात बसून मी एका सरकारी फॉर्मवर लिहिलं की मी परदेशात राहते. आत सासूबाई भाकऱ्या थापत होत्या. त्यांना मी आत्या म्हणते, आमच्या भागात सासूला तसंच म्हणतात. तव्यावरून उतरलेली भाकरी त्या टोपलीत टाकत होत्या तो आवाज मला ऐकू येत होता, आणि लॅपटॉपवर माझं बोट ‘कॅनडाबाहेर वास्तव्य’ या चौकोनावर अडून राहिलं होतं.

लिहिलं ते खोटं नव्हतं. २०१८ साली मी कॅनडाची नागरिक झाले. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे तिकडची शपथ घेतली त्याच दिवशी इकडचं नागरिकत्व कायद्यानं संपलं. जुना पासपोर्ट परत केला, पुढे ओसीआय कार्ड मिळालं. त्या कार्डावर मी भारतात जन्मभर राहू शकते. मतदान करू शकत नाही, शेतजमीन विकत घेऊ शकत नाही. म्हणजे भारताच्या कागदावर मी परदेशी. कॅनडाच्या कागदावर मी त्यांची, पण सध्या बाहेर. आणि माझा नवरा, ज्याचा जन्म सांगलीतला, ज्याला आयर्विन पुलावर उभं राहून कृष्णेचं पाणी किती फुटांवर आलंय ते नुसतं बघून सांगता येतं, तो या फॉर्मच्या भाषेत माझा परदेशी जोडीदार. त्याला कॅनडाचं कायमचं वास्तव्य, म्हणजे पीआर, मिळावं म्हणून मी अर्ज करत होते.

लोक विचारतात, बाहेर राहून नवऱ्याला स्पॉन्सर करता येतं का? येतं, पण फक्त नागरिकाला. ज्याच्याकडे नुसतं पीआर आहे त्यानं जोडीदाराला बोलवायचं असेल तर त्यानं स्वतः कॅनडात राहत असलंच पाहिजे. माझी एक मैत्रीण नाशिकची. तिचं पीआर होतं, लग्न नाशिकला झालं, आणि लग्नानंतर दोन महिन्यांत तिला ब्रॅम्प्टनला परत जावं लागलं, कारण तिथे राहिल्याशिवाय अर्जच करता येत नव्हता. नवरा इकडे, ती तिकडे, मधे दीड वर्ष. ती रोज सकाळी त्याला व्हिडिओ कॉल लावून समोर चहा प्यायची. मी मात्र अर्ज करताना माझ्या माणसाशेजारी झोपत होते. एका शपथेचा फरक. हा फरक मला आजही पटत नाही. लग्न तिचंही तेवढंच खरं होतं.

नागरिकाला जी सोय आहे तिला एक अट आहे. जोडीदाराला पीआर मिळेल तेव्हा तुम्ही कॅनडात येऊन राहणार आहात, हे तुम्ही दाखवून द्यायचं. तोंडी नाही, कागदानं. नोकरीचं पत्र, राहायची सोय, तिकडे चालू ठेवलेलं बँक खातं, आणि या सगळ्याच्या वर स्वतःचं एक निवेदन: मी परत का आणि कशी जाणार आहे.

बाकी सगळे फॉर्म मी दोन आठवड्यांत भरले. त्या एका पानाला मला तीन महिने लागले.

* * *

मी सांगलीत राहायला आले नव्हते, आले ती दोन महिन्यांच्या रजेवर. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागातल्या आमच्या घराचा खालचा मजला छतापर्यंत बुडाला. बाबा शेजाऱ्यांच्या गच्चीवर दोन रात्री होते. पाणी ओसरल्यावर ते रोज पुस्तकांवरचा चिखल काढत बसायचे, एकेक पान सुटं करायचे, आणि सप्टेंबरात एका सकाळी त्यांचा उजवा हात उचललाच गेला नाही. अर्धांगवायू. मी टोरोंटोजवळच्या मिसिसागाहून आले. माझी रजा वाढवली, परत वाढवली, मग मार्च २०२० मध्ये विमानंच थांबली. मी एका छोट्या कंपनीच्या पगारपत्रकांचं काम करते. त्या वर्षी कंपनीतलं सगळंच काम घरून सुरू झालं, आणि माझं घर सांगलीत होतं. उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला आणि हिवाळ्यात साडेसातला माझं ऑफिस सुरू व्हायचं.

नवरा तेव्हा नवरा नव्हता. मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात हिशेब बघणारा, आमच्या शेजाऱ्यांचा भाचा. बाबांना मिरजेला फिजिओथेरपीला न्यायचं तर जिना उतरवायला माणूस हवा होता. तो आला. खुर्ची न आणता त्यानं बाबांना सरळ पाठीवर घेतलं, आणि बाबा, जे त्या आजारपणात कुणाशी बोलत नव्हते, त्याच्या कानाशी म्हणाले, “हळू रे, माझा चष्मा पडेल.” फॉर्मवर प्रश्न आहे: तुमची पहिली भेट कधी, कुठे, कोणी ओळख करून दिली? मी लिहिलं, जिन्यात. तारीख सांगता आली, कारण त्या दिवशीची फिजिओथेरपीची पावती बाबांनी जपून ठेवली होती.

लग्न मे २०२१ मध्ये झालं. तेव्हा महाराष्ट्रात लग्नाला २५ माणसं आणि दोन तास, एवढीच परवानगी होती. ज्या घरात बारशालादेखील दीडशे पानं उठतात, तिथे भटजी धरून २५ माणसं मोजताना आत्यांनी सख्ख्या भावाला घरी बसवलं. त्याचा राग तो आजही धरून आहे. आणि गंमत नाही, हीच गोष्ट पुढे आमच्या फाइलमधला सगळ्यात नाजूक मुद्दा झाली. लग्न खरं आहे का, हे बघताना अधिकारी विचारतो, लग्नाला कोण होतं? दोन्हीकडचे लोक होते का? समारंभ तुमच्या रीतीप्रमाणे झाला का? भारतीय लग्नात मोजकी माणसं दिसली की ते कागदासाठी लावलेलं लग्न वाटू शकतं. म्हणून आम्ही फोटोंबरोबर राज्य शासनाच्या त्या आदेशाची प्रत जोडली. मामाला का बोलावलं नाही, याचं सरकारी उत्तर.

* * *

बाबा जानेवारी २०२३ मध्ये गेले. त्यानंतर सगळ्यांनी गृहीत धरलं की मी आता सांगलीचीच. मीही तसंच बोलत होते. त्या वर्षाअखेर कंपनीनं कळवलं की २०२५ पासून लोकांनी ऑफिसात यायला हवं, आणि मी घरात ही बातमी वाईट बातमी म्हणून सांगितली. नवरा म्हणाला, “बघू. दुसरं काम मिळंल इथं.” आत्या म्हणाल्या, “नोकरी काय, येत्यात जात्यात.”

निवेदन लिहायला बसले तेव्हा मी आधी तेच लिहिलं. नोकरीमुळे परत जाणं भाग आहे. वाचून पाहिलं. त्या पानावर जाणारी बाई दिसतच नव्हती, ढकललेली बाई दिसत होती. अधिकाऱ्याला नोकरी सुटू शकते हे कळतं. त्याला हवं होतं ते दुसरंच: तुम्हाला तिथे राहायचंय का?

मला राहायचं होतं. हे मी साडेचार वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. मला क्रेडिट नदीकाठची ती वाट हवी होती जिथे मी एकटी चालायचे आणि कुणी विचारायचं नाही कुठे निघालीस. मला माझ्या नावावरचं भाड्याचं घर हवं होतं, जानेवारीतल्या सकाळी बर्फ खरडायचा तो आवाज हवा होता, टोरोंटोच्या मराठी भाषिक मंडळात दिवाळीला भेटणारे ते लोक हवे होते जे माझ्यासारखेच अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे. दहा वर्षं मी तिथे माझं माणूसपण जमवलं होतं. ते बाबांच्या आजारपणात मी बाजूला ठेवलं, टाकून दिलं नव्हतं. पण सांगलीत हे बोलणं म्हणजे आत्यांच्या एकुलत्या एका मुलाला घेऊन जाते म्हणणं. म्हणून मी कंपनीवर ढकललं, कायद्यावर ढकललं.

त्या पानानं मला खरं बोलायला लावलं. आणि एकदा लक्षात आलं की सरकारला हे लिहून देण्याआधी घरात सांगायला पाहिजे. परक्या अधिकाऱ्याला आधी कळावं आणि आत्यांना नंतर, हे मला सोसलं नसतं.

दुपारी जेवण झाल्यावर आम्ही दोघी सोप्यात पान लावत बसतो. त्या दिवशी मी सांगितलं. “आत्या, नोकरीचं आहेच. पण मला जायचंयसुद्धा.” त्यांनी पानाचा देठ खुडला, चुना लावला, कात घातला, सुपारी घातली. घडी माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, “मला म्हाईत हाय. तू रातचं कामाला बसलीस की तुझा आवाज येगळा असतोय. मोकळा.” एवढंच. मग त्या आत जाऊन पडल्या आणि संध्याकाळी चहाला उठल्या नाहीत.

* * *

कागदांचं काम नवऱ्यानं हातात घेतलं. अर्जदाराला गेल्या दहा वर्षांचा इतिहास द्यावा लागतो: कुठे राहिला, काय केलं, महिन्यामहिन्यानं. मधे एक महिनासुद्धा रिकामा चालत नाही. काम नसेल तर काम नव्हतं असं लिहायचं, पण जागा सोडायची नाही. कीर्द-खतावणीतल्या माणसाला हे फार आवडलं. त्यानं जुन्या डायऱ्या काढल्या, बँकेची पुस्तकं काढली, २०१९ च्या आधीच्या एका वहीची पानं पुरात फुगून एकमेकांना चिकटलेली, ती चाकूच्या पात्यानं सोडवली.

तरीही पहिला अर्ज परत आला. चूक आमची होती. २०१९ च्या पुरात नवऱ्याच्या घरची सगळी मंडळी मिरजेला मावशीकडे सव्वा महिना राहिली होती आणि नवऱ्यानं तो पत्ता लिहिलाच नाही. त्याच्या मनात ते ‘राहणं’ नव्हतंच. “घर पाण्यात होतं, म्हणून गेलो. मुक्काम कुठला त्यो?” जून २०२४ मध्ये पाठवलेली फाइल पाच आठवड्यांनी परत, ऑगस्टमध्ये पुन्हा भरली. सव्वा महिन्यासाठी दोन महिने गेले. ज्यांना अर्ज करायचाय त्यांना मी हे एक कळकळीनं सांगते: पूर, आजारपण, बाळंतपण, ज्या ज्या दिवसांत तुम्ही दुसऱ्याच्या घरी झोपलात, ते सगळं आठवा आणि लिहा.

पैशांचं सांगायचं तर एप्रिल २०२४ च्या वाढीनंतर स्पॉन्सरची, अर्जाची आणि पीआरच्या हक्काची फी धरून आम्हाला तेव्हा १२०५ डॉलर लागले, बोटांच्या ठशांचे ८५ वेगळे. आमच्या हिशेबात पाऊण लाखाच्या थोडं वर. त्यात भाषांतरं, वैद्यकीय तपासणी, मुंबईच्या फेऱ्या नाहीत. जोडीदारासाठी साधारणपणे किमान उत्पन्नाची अट नसते, हे अनेकांना माहीत नसतं आणि एजंट मंडळी ते मुद्दाम सांगत नाहीत.

स्पॉन्सरला हमी लिहून द्यावी लागते. पीआर मिळाल्या दिवसापासून तीन वर्षं जोडीदाराच्या अन्न, वस्त्र, निवाऱ्याची जबाबदारी तुमची. मधे नातं तुटलं तरी हमी तुटत नाही. त्यानं सरकारी मदत घेतली तर ते पैसे तुम्ही भरायचे. नवऱ्यानं हे दोनदा वाचलं. यार्डात जामीन राहण्याचा अर्थ त्याला फार चांगला ठाऊक. त्याच्या वडिलांनी एका मित्राला जामीन राहून अर्धा एकर घालवला होता. “तू मला जामीन राहतीयस,” तो म्हणाला. त्यानंतर बराच वेळ तो गप्प होता. पुढे काही दिवस त्यानं दुकानातून येताना माझ्यासाठी काही ना काही आणलं, एकदा बसस्टँडसमोरची भेळ, एकदा चाफ्याची तीन फुलं, आणि का आणलं ते सांगितलं नाही.

नातं खरं आहे याचे पुरावे हा सगळ्यात अवघड भाग. एकत्र मालमत्ता असल्यास दाखवा, असं यादी म्हणते. आमच्याकडे मिरज तालुक्यात दोन एकर आहे. त्या सातबाऱ्यावर माझं नाव लावावं असं आत्यांनीच सुचवलं होतं. पण ओसीआय कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानंही मिळत नाही. वारसानं आली तरच. एका देशाचा कायदा म्हणतो, एकत्र जमीन दाखवा. दुसऱ्याचा म्हणतो, तुझं नाव लागणार नाही. मी हे एका वेगळ्या कागदावर लिहून जोडलं. संयुक्त बँक खातं, गॅसचं कार्ड, विम्यावरचं वारसाचं नाव, हे दिलं.

फोटो वीसच द्यायचे. आम्ही शोधायला लागलो तर आम्ही दोघं एकत्र असलेले फोटो फारच थोडे, आणि त्यात आम्ही एक हात अंतर ठेवून उभे. बाबांच्या खुर्चीच्या दोन बाजूंना. गणपतीच्या दोन बाजूंना. मधे कायम कुणीतरी. शहरातल्या एका एजंटानं सल्ला दिला की चार ड्रेस घेऊन एका दिवसात कृष्णाकाठी, हरिपूरला, हॉटेलात फोटो काढून घ्या, जरा जवळ उभे राहा. मला संताप आला. खोटी माहिती सापडली तर पाच वर्षं अर्ज करता येत नाही हे तर आहेच, पण राग त्याचा नव्हता. आमचं जे खरं होतं ते त्याला अपुरं वाटत होतं. आम्ही अंतर ठेवून उभे असलेलेच वीस फोटो पाठवले आणि प्रत्येकाखाली मधल्या माणसाचं नातं लिहिलं.

या संशयाचा इतिहास मी नंतर वाचला. २०१० पर्यंत अर्ज नाकारायचा तर अधिकाऱ्याला दोन्ही गोष्टी दिसाव्या लागत: लग्न खरं नाही, आणि ते मुख्यतः स्थलांतरासाठीच झालंय. त्या वर्षी नियमातल्या ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ आला. एका अव्ययानं किती घरं अडली असतील. २०१२ मध्ये आणखी एक अट आली, काही नव्या जोडीदारांना पीआर टिकवायला दोन वर्षं स्पॉन्सरबरोबर राहणं सक्तीचं. मार खाणाऱ्या बायकांना ही अट घरात कोंडून ठेवते, असं तिथल्या संघटना ओरडून सांगत राहिल्या. छळाला अपवाद होता, पण तो सिद्ध करायचा कुणी आणि कुठल्या कागदानं? २०१७ मध्ये ती अट काढली. चांगलं झालं. नवऱ्याला जामीन राहिलेली मी बाई आहे, तरी मला वाटतं की कुणाचं घरात राहणं सरकारनं सक्तीचं करू नये.

* * *

दोघांच्या बोलण्याचे नमुने म्हणून दहा पानांपर्यंत संदेश देता येतात. आमचे संदेश मराठीत, म्हणून त्यांचं इंग्रजी भाषांतर हवं, भाषांतरकाराच्या प्रतिज्ञापत्रासह. घरच्या माणसाला ते करता येत नाही, म्हणून मी ते करू शकत नव्हते. कोर्टाजवळच्या एका भाषांतरकाराकडे दिलं. आठ दिवसांनी आलेलं भाषांतर वाचताना माझ्या पोटात गोळा आला. ‘आत्यांना गोळ्या दिल्या का’, ‘आत्या रुसल्यात’, ‘आत्यांसाठी डाळिंब आण’. जिथे जिथे आत्या, तिथे तिथे त्यांनी इंग्रजीत लिहिलं होतं: माझ्या वडिलांची बहीण.

म्हणजे ओटावात किंवा दिल्लीत बसलेल्या माणसाला दिसणार की ही बाई आत्याच्या घरात राहते आणि आत्याच्या मुलाला नवरा म्हणते. फॉर्मवर तर आम्ही लिहिलं होतं की आमचं रक्ताचं नातं नाही. भाषांतरकाराचं चुकलं असं म्हणवत नाही. शब्दाचा अर्थ तोच. सासूला आत्या म्हणायची रीतच मुळी त्या काळातली, जेव्हा आत्याच्या मुलाशी लग्न व्हायचं आणि सासू खरोखरच आत्या असायची. लग्नाची ती पद्धत मागे पडली, हाक राहिली. मी त्यांना विनंती केली, तळटीप द्या: पश्चिम महाराष्ट्रात सासूला आदरानं असं संबोधतात. त्यांनी दिली, आणि त्या एका ओळीसाठी नवं प्रतिज्ञापत्र करून दिलं, पैसे न घेता.

घरच्यांची पत्रं जोडली तर बरं, असं सगळे सांगत होते. मी आत्यांना विचारायचं टाळत होते. नवऱ्यानं विचारलं. त्यांनी वाण्याच्या दुकानातून रेघांचं पान आणवलं.

“काय लिवू?”

“जे आहे ते.”

त्या सातवीपर्यंत शिकल्यात. देव्हाऱ्याजवळच्या पाटावर बसून त्यांनी दोन दुपारी लिहिलं, मला बघू दिलं नाही. ते पान माझ्याकडे आहे. मूळ प्रत स्कॅन करून पाठवली आणि जपून ठेवली. त्यात असं आहे:

“माझ्या मुलाचं लग्न माझ्यासमोर झालं. अक्षता मी टाकल्या. सून आल्यापासून दुपारी आम्ही दोघी एकत्र जेवतो. तिला कारलं चालत नाही, त्या दिवशी मी पिठलं करते. दोघं भांडली की मुलगा गच्चीत जाऊन बसतो आणि सून घासलेली भांडी परत घासते. मग रात्री एका ताटात जेवतात. मी बघितलं आहे. या दोघांनी एकत्र राहावं. कुठंही राहावं.”

‘कुठंही’वर त्यांनी आधी दुसरा शब्द लिहून खोडला होता. उजेडासमोर धरलं की दिसतो. ‘इथंच’.

* * *

बोटांचे ठसे आणि वैद्यकीय तपासणी मुंबईत. सांगलीहून महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघालो, सकाळी सीएसएमटी. छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी. ठसे द्यायला गेलो तिथल्या मुलीनं नवऱ्याचा उजवा अंगठा चारदा ठेवून घेतला. यंत्र घेईना. तिनं ओला रुमाल दिला, पुसा म्हणाली. त्यानं पुसलं आणि पांढऱ्या रुमालावर पिवळा डाग उमटला.

हा माणूस दिवसभर वहीत असतो, पण यार्डात माल आला की एक हळकुंड उचलून मोडल्याशिवाय त्याला राहवत नाही. मोडताना कट्कन आवाज आला पाहिजे. दबला तर ओल आहे. मग मोडलेली बाजू तो अंगठ्याच्या नखानं खरडतो आणि आतला रंग बघतो, केशरीकडे झुकतोय की फिका. वीस वर्षं हे चाललंय. हळद त्याच्या अंगठ्याच्या रेषांत बसलीय, आणि रेषा झिजल्यात. पाचव्यांदा ठसा उमटला. ती मुलगी हसून म्हणाली, “आला.” यानं स्वतःचा अंगठा निरखून पाहिला. परतीच्या गाडीत मला विचारलं, “तिकडं हळद कुठनं येती?” मी म्हटलं, पाकिटातून, दळलेली. तो खिडकीबाहेर बघत राहिला. त्याला तिकडे काय काम मिळेल, हा प्रश्न आम्ही दोघांनी त्या रात्री पहिल्यांदा मोठ्यानं बोललो. उत्तर मिळालं नाही. कल्याण मागे पडलं तरी बोलत होतो.

मुलाखत झाली नाही. अकरा महिने काहीच झालं नाही. मग जुलै २०२५ मध्ये पासपोर्ट मागवला, आणि २० ऑगस्टला आम्ही टोरोंटोच्या पिअरसन विमानतळावर उतरलो. अधिकाऱ्यानं दोन-तीन प्रश्न विचारले, कार्ड पाठवायला पत्ता घेतला, सही घेतली. मी बाजूला उभी होते. मला कुणी काही विचारलं नाही.

* * *

निघण्याच्या आधीच्या आठवड्यात आत्यांनी मला विचारलं होतं, “त्यो कायमचा म्हणजे किती?” मी समजावलं. पीआर टिकवायचं तर दर पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहावं लागतं. त्यांनी ते मनात घोळवलं. पाच वर्षं म्हणजे साठ महिने. ७३० दिवस म्हणजे दोन वर्षं. “मग तीन वरसं हितं ऱ्हायला तरी चालतंय की.” कायद्यानं ते बरोबर आहे. मी हो म्हटलं. त्यांनी कालनिर्णयच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं ७३० लिहिलं.

त्याच कायद्यात पुढे आणखी एक ओळ आहे, ती मी त्यांना सांगितली नाही. पीआर असलेला माणूस देशाबाहेर आपल्या नागरिक जोडीदारासोबत राहत असेल तर ते दिवससुद्धा ७३० मध्ये धरतात. म्हणजे मी सांगलीत राहिले तर तोही सांगलीत राहू शकतो आणि त्याचं कार्ड जात नाही. त्याला तिकडे धरून ठेवणारा कायदा नाही. मी आहे.

इकडे बर्फ पडू लागलाय. नवऱ्याला एका गोदामात मालाची नोंद ठेवायचं काम मिळालंय, रात्रपाळीचं. रविवारी सकाळी आम्ही आत्यांना फोन लावतो, त्यांच्याकडे संध्याकाळ असते. त्या आधी त्याला विचारतात जेवलास का, मग मला विचारतात थंडी किती. आणि फोन ठेवायच्या आधी दर वेळी एक प्रश्न. परवा बुधवारी त्याला सुट्टी होती म्हणून मधेच फोन केला, तर तेव्हाही विचारलंच.

“किती झालं?”

“एकशे बारा.”

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. थोडा वेळ गेला.

“सहाशे अठरा ऱ्हायले,” आत्या म्हणाल्या.